पाण्यात पडलेला पक्षी

थंडीतला पाऊस नागपूरकरांना नवा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन दिवस आभाळ भरून येतं, कधी गारा पडतात, आणि हरभऱ्याचं काय होणार, संत्र्याचा आंबिया बहार टिकणार का, एवढीच चर्चा गावात असते. आमच्या घरी मात्र असा पाऊस आला की अम्मी हसून म्हणते, "आज मुर्गाबी नाही, दालचा." घरात नव्याने आलेल्या सुनेला याचा अर्थ लागत नाही. मग कुणीतरी तिला 1966 सालची गोष्ट सांगतं. यंदा भावजयीला सांगायची पाळी माझ्यावर आली. सांगता सांगता वाटलं, या महिन्याच्या पानावर हाच विषय घ्यावा.

शिकार म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर वाघ येतो, मचाण येतं, मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेला साहेबाचा फोटो येतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांतली शिकार अशी नव्हती. ती होती तितर, बटेर, हरियाल, ससा आणि हिवाळ्यात तलावांवर उतरणाऱ्या मुर्गाब्या. एक दुनाळी बंदूक, तीही दोन घरांत मिळून, खिशात वीस-पंचवीस काडतुसं, सोबत एक कुत्रा आणि वाट दाखवणारा गावातला एखादा माणूस. जे समोर येईल ते. त्या काळी बंदुकीचा आणि शिकारीचा परवाना असला, हंगाम चालू असला, तर हे कायदेशीर होतं. मोमिनपुऱ्यात, कामठीत, भंडाऱ्यात अशी कितीतरी घरं होती.

माझे नाना हिशेबनीस होते आणि शिकारीचाही हिशेब ठेवत. त्यांची उर्दूतली वही अम्मीकडे आहे. पानावर आडवे रकाने आखलेले आहेत: तारीख, जागा, काडतुसं किती उडवली, किती पडले, किती जबह झाले. शेवटचा रकाना आहे 'जख्मी, गुम'. म्हणजे छर्रा लागला, पण हाती आला नाही. हा शेवटचा रकाना मी दुसऱ्या कुठल्या शिकाऱ्याच्या लिखाणात पाहिलेला नाही. किती मारले ते सगळे लिहितात. किती जखमी करून सोडले ते कोण लिहील?

त्या जानेवारीत मोठ्या खालाची बात पक्की करायला कामठीहून माणसं येणार होती. रात्रीच्या जेवणाला चौदा जण. नानांनी कबूल केलं होतं की मुर्गाबीचं सालन असेल. आदल्या रात्री ते आणि सतरा वर्षांचे मामू इतवारी स्टेशनवरून नागभीडच्या छोट्या गाडीने उमरेडला गेले. (ती नॅरोगेज गाडी 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली. ब्रॉडगेजच्या कामासाठी रूळ उखडले, तेव्हा मामू मुद्दाम बघायला गेले होते.) उमरेडहून पुढे पायी, एका मालगुजारी तलावाकडे. पूर्व विदर्भात असे तलाव फार. कोहळी समाजाने आणि गोंड राजांच्या काळात लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले. मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी' म्हणून राहिले. लोक त्यांना लाडाने मामा तलाव म्हणतात.

पहाटे पाऊस सुरू झाला. मामूंना तो दिवस अजून तपशीलवार आठवतो, कारण बंदूक हातात घेण्याचा त्यांचा तो पहिलाच हंगाम. तेव्हाची काडतुसं कागदी, खाली पितळी बूड. मेणकापडात गुंडाळूनही काही ओली झाली. ओलं काडतूस फुगतं, नळीत बसत नाही, बसलं तर निघत नाही. तशी दोन फेकावी लागली. काळ्या मातीचं तर विचारू नका. दहा पावलांत एकेका बुटाला शेरभर चिखल. काडीने खरवडायचा आणि पुन्हा दहा पावलं. बंदूक वर धरली की पाणी बाहीतून काखेत जायचं.

पावसात जनावराची रीत बदलते. झाडी ठिबकत असली की ससा झुडपात थांबत नाही, उघड्या शेतात ढेकळांच्या आड अंग चोरून बसतो. त्यामुळे एक ससा लवकर मिळाला. तितराचं उलट. पंख ओले झाले की तो उडायचं टाळतो आणि तुरीच्या ओळींमधून पायी पळतो. धावणाऱ्या तितरावर नाना बंदूक उचलत नसत. एक तर छर्रे कुत्र्याला लागायची भीती, आणि उडाल्याशिवाय मारणं हे त्यांना हलकं वाटे. दुपारपर्यंत तीन तितर पडले. त्यांपैकी एक हाती येईपर्यंत मेला होता.

मग तलाव. ढगाळ हवेत बदकं खालून उडतात हे खरं, पण पाऊस तोंडावर असताना नेम लागेल तर शपथ. आणि जे पडतं ते पाण्यात पडतं. कुत्रा काठाच्या लव्हाळ्यात गोंधळला. सोबत आलेले ढीवर बाबा कमरेपर्यंत पाण्यात शिरून एकेक पक्षी काढून आणत होते, तोवर पाच-दहा मिनिटं जायची. पाच मुर्गाब्या पडल्या. दोन जिवंत होत्या, त्या नानांनी तिथेच जबह केल्या. बाकीच्या तीन पाण्यावर पालथ्या तरंगत होत्या.

इथे थोडं थांबून मसला सांगते, कारण आजच्या मुलांना तो माहीत नसतो. अदी बिन हातिम (रजि.) यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ज्यांच्या दानशूरपणाच्या कहाण्या आपण लहानपणी वाचल्या त्या हातिमताईंचे हे चिरंजीव. ते शिकारी होते आणि त्यांनी प्रेषितांना (स.) शिकारीबद्दल बारीक बारीक प्रश्न विचारले. ते बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आले आहेत. अल्लाहचं नाव घेऊन शिकवलेला कुत्रा सोडला आणि त्याने शिकार धरली तर ती चालते. पण त्या कुत्र्यासोबत दुसराच कुणाचा कुत्रा दिसला तर खाऊ नये, कारण कोणत्या कुत्र्याने मारलं ते कळत नाही. तसंच बाण लागलेलं जनावर पाण्यात बुडालेलं सापडलं तर खाऊ नये, कारण ते बाणाने मेलं की पाण्याने, हे सांगता येत नाही. म्हणजे शिकाऱ्याच्या मनात खात्री हवी. शंका असेल तर हात मागे घ्यायचा.

बंदुकीची गोष्ट आणखी कडक. बाणाला धार असते, छऱ्याला नसते. तो आदळून मारतो. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक हनफी उलमांचं म्हणणं असं की गोळीने किंवा छऱ्याने मेलेला पक्षी जबह न करता हलाल होत नाही. तो जिवंत हाती लागला पाहिजे आणि सुरी फिरली पाहिजे. काही उलमांचं मत वेगळं आहे. पण आमच्या घरी पहिलंच मत चाले. त्यामुळे मुसलमान शिकाऱ्याच्या खांद्यावर बंदूक असली तरी त्याचा जीव कमरेच्या सुरीत अडकलेला असे. नेम धरण्यापेक्षा पळत जाऊन पोचणं महत्त्वाचं. आणि पावसात, चिखलात, तलावाकाठी, माणूस वेळेवर पोचत नाही.

तर पाण्यातल्या त्या तीन मुर्गाब्या आणि मेलेला तितर नानांनी ढीवर बाबांना देऊन टाकायला सांगितलं आणि ते पुढे निघाले. मामू मागे राहिले. चौदा पाहुणे, हातात जेमतेम पाच नग, आणि त्यातही मुर्गाब्या दोनच. मुलगा होता, बहिणीच्या लग्नाची गोष्ट होती. त्याने तिघींतली एक ठेवून घेतली, मानेवर सुरी फिरवली आणि थैलीत टाकली. वाटेत नानांना सांगितलं, ही हलत होती.

संध्याकाळी भिजलेली थैली नानींपुढे आली. मुर्गाबीला माशासारखा वास असतो. नानी तिची पिसं उपटत बसत नसत, कातडीसकट काढून टाकत आणि लिंबू-हळद चोळून ठेवत. तिसरी मुर्गाबी हातात घेतल्यावर त्यांनी कातडी काढलीच नाही. मान उजेडात धरून बघितली. जिवंत पक्ष्याच्या मानेतून रक्त वाहतं, पिसांवर पसरतं. इथे चीर होती, पण रक्त वाहिलेलं नव्हतं. त्यांनी मामूंना हाक मारली आणि एवढंच विचारलं, "हलत होती ती तुझ्या हातात, की पाण्यात?"

अम्मी तेव्हा आठ वर्षांची, चुलीपाशी बसलेली. ती सांगते की मामू काही बोलले नाहीत. पाण्यावर लाट असली की मेलेलंही हलतं. नाना तख्तावर बसून बुटांचा चिखल काढत होते. ते ना रागावले ना ओरडले. वही मागितली. त्या पानावर आजही दिसतं: जबहच्या रकान्यात आधी 6 लिहिलेलं आहे, त्यावर रेघ मारून 5 केलेलं आहे. काडतुसं 19. पडले 9. जबह 5. जख्मी, गुम 4.

ती मुर्गाबी शेजारच्या गल्लीतल्या एका हिंदू घरी, सगळं सांगून, दिली. त्यांना ती चालत होती. नानींनी हरभऱ्याची डाळ आणि दुधी घेऊन दालचा टाकला आणि ससा त्यातच शिजवला. दोन तितर आणि दोन मुर्गाब्यांचं सालन पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवलं. नानांनी जेवताना कारण सांगितलं, तेव्हा कामठीचे एक बुजुर्ग, जे स्वतः शिकारी होते, मोकळेपणाने म्हणाले, "आमच्याकडे असती तर शिजली असती. इतकं कोण बघतं!" बात पक्की झाली. दालच्यामुळे झाली असं नाही. खाला म्हणते, होणारच होती.

मी शाळेत सातवी-आठवीला शिकवते. मागे एकदा हे आकडे मी फळ्यावर लिहिले होते आणि मुलांना वजाबाकी करायला सांगितली होती. 19 काडतुसांपैकी 6 वाया गेली, 13 पक्षी-प्राण्यांना छर्रे लागले, 5 घरी आले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "ते चार जखमी मग कुठे गेले असतील?" नानांकडेही याचं उत्तर नसावं. म्हणून तर त्यांनी तो रकाना आखला होता. त्यानंतरच्या पानांवर पावसाच्या दिवसाची एकही नोंद नाही. वही 1971 पर्यंत चालते.

मुंबईतल्या एका मुसलमान मुलाची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीची चिमणी दिसेना, तेव्हा ही खाणं आपल्याला जायज आहे की नाही, अशी शंका त्याला आली आणि तो ती मामांकडे घेऊन गेला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे धाडलं. तिथे कप्प्याकप्प्यांत मांडलेले पक्षी पाहून तो मुलगा जो रमला तो आयुष्यभर. डॉ. सलीम अली ते हेच. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. पुढे त्यांनी अभ्यासासाठी पुष्कळ पक्षी मारले, ते त्यांनी लपवलं नाही. पण सुरुवात झाली ती त्या शंकेपासून. निष्काळजी मुलाने चिमणी भाजून खाल्ली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

आता कायद्याबद्दल, कारण या बाबतीत आपल्याकडे बराच गैरसमज आहे. इंग्रजांच्या काळात 1912 चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा होता. त्यात सरकारला ठरावीक महिन्यांत शिकार बंद ठेवण्याचा अधिकार होता. पक्ष्यांच्या विणीचा काळ मोकळा सोडावा, हा त्यामागचा हेतू. पण हंगाम सांभाळणारेच सगळे नसतात. तणमोर नावाचा पक्षी आहे, उर्दू-हिंदीत खरमोर. कोंबडीएवढा, गवताळ माळावर राहणारा. एरवी तो दिसतही नाही. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत नर मादीला दिसावा म्हणून गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा. शिकाऱ्यांना तेवढंच हवं होतं. भर पावसात, विणीच्याच वेळी, उडी मारणारे नर टिपले गेले. पुढे माळही नांगरले गेले. आज हा पक्षी जगातून नाहीसा होण्याच्या काठावर आहे. आपल्या अकोला-वाशीमकडे तो अजून अधूनमधून दिसतो, हीच मोठी गोष्ट.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा सगळी शिकार एका दिवसात बंद झाली असं अनेकांना वाटतं. तसं झालं नाही. त्या कायद्यातही लहान शिकारीसाठी परवान्याची सोय होती आणि परवानेवाल्याने किती जनावरं मारली याची नोंद ठेवणं बंधनकारक होतं. नानांची वही म्हणजे सरकारच्या आधी सुरू झालेलं तेच काम. परवान्याची ही सोय 1991 च्या दुरुस्तीने काढून टाकली. तेव्हापासून तितर असो, ससा असो, मुर्गाबी असो, शिकार गुन्हा आहे. हॉटेलात उघडपणे मिळतो तो बटेर जपानी जातीचा, कोंबड्यांसारखा पाळलेला.

तरी पहिला पाऊस पडला की गुलेल आणि छऱ्याची बंदूक घेऊन तलावाकाठी फिरणारी पोरं दिसतात, आणि पिशवीत झाकून तितर विकणारेही भेटतात. मी बोलले की उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, हलाल आहे ना, मग गुन्हा कसा?" या उत्तराचा मला मनापासून राग येतो. ज्याला हज माहीत आहे त्याने असं बोलू नये. इहराम बांधला की जमिनीवरची शिकार हराम होते, हे सूरह माइदामध्ये स्पष्ट आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर कुणीच शिकार करायची नाही. तोच पक्षी, तोच माणूस, पण जागा आणि वेळ बदलली की मनाई. मग विणीचा काळ किंवा संपत चाललेली जात यांसाठी देशाच्या कायद्याने मनाई केली, तर त्यात आपल्या धर्माला अनोळखी असं काय आहे? आणि चोरून मारलेला, पोत्यात गुदमरलेला, कधी आणि कसा मेला ते विकणाऱ्यालाच माहीत नसलेला तितर घरी आणताना, त्या मानेवरचं रक्त कोण बघतं?

नाना आणि मामू जिथे चिखल तुडवत गेले त्याच्या आसपासचं काही जंगल 2012 पासून उमरेड-करांडला अभयारण्यात आहे. बंदूक नानांच्या माघारी रीतसर जमा झाली. मामूंनी पुढे कधी परवाना काढला नाही. त्यांच्याकडे आता दुर्बीण आहे. वय ऐंशीकडे झुकलं आहे, हात कापतो, पण आवाजावरून पक्षी सांगतात.

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची. त्यांनी वनखात्यात आयुष्य काढलं, मराठीत पक्षिकोश लिहिला आणि बरीच वर्षं आपल्या नागपुरात राहिले. बारा तारीख सलीम अलींची. त्या आठवड्यात मुलांना घेऊन सकाळी सहाच्या सुमारास अंबाझरी किंवा गोरेवाड्याला जा. सोबत वही न्या आणि नावं दोन्ही भाषांत लिहायला सांगा, कारण आपल्या घरांतली बरीच नावं आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहेत. नुसतं 'मुर्गाबी' लिहून भागत नाही. शेपटी टोकदार असली तर ते तलवार बदक, चोच फावड्यासारखी असली तर थापट्या, चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी तांबडे ठिपके असले तर हळदी-कुंकू. आणि नारिंगी अंगाची जोडी दूर पाण्याकडेला उभी दिसली तर तो चक्रवाक, आपला सुर्खाब. कुणी स्वतःला फार मोठं समजू लागलं की उर्दूत विचारतात ना, याला काय सुर्खाबची पिसं लागली आहेत? गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींनी पहिल्यांदा सुर्खाब पाहिला आणि एकीने निराश होऊन विचारलं, "मॅडम, एवढीच पिसं?" इतक्यात तो उडाला. पंखांतला पांढरा पट्टा आणि हिरवी चमक पाहिल्यावर तिने आपला प्रश्न वहीतून खोडला.